मालवणचा हीरो दिसतो तरी कसा?

स्कूबा, सोलकढी आणि सिंधुदुर्ग किल्ला हे पॅकेज तर सगळेच करतात. या वेळी जरा हटके फिरू या. मालवणच्या किनाऱ्यावरचा पंचविशीतला तरुण आरशात बघतो, तेव्हा त्याला कोण दिसतं? उत्तर शोधायला निघाले आणि सुरुवात झाली एका सलूनपासून.

शनिवारची सकाळ. मालवणच्या बाजारपेठेतलं छोटंसं सलून. तीन खुर्च्या, एक पंखा, भिंतीवर उन्हाने निळसर पडलेलं हेअरस्टाइल्सचं पोस्टर. दुकानातली एकमेव मुलगी म्हणजे मी, मागच्या बाकड्यावर बसलेय. शेजारी माझा मामेभाऊ. त्याचा नंबर तिसरा.

पुढच्या खुर्चीत पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा चढून बसला. अंगात फ्रान्सच्या फुटबॉल टीमची निळी जर्सी.

"काका, एमबापेसारखो करा."

"म्हणजे बारीक?"

"बारीक नाय हो काका, फेड!"

काकांनी मशीन हातात घेतलं आणि आरशातून माझ्याकडे बघत डोळा मिचकावला. "ह्येच्या आजोबाक मी ह्योच कट मारी. तेव्हा तेका सोल्जर कट म्हणत."

सलूनमध्ये हशा पिकला. मुलगा मात्र हसला नाही. मान अगदी ताठ धरून तो आरशात बघत राहिला. त्याच्यासाठी मामला सीरियस होता.

तुम्ही म्हणाल, मालवणला जाऊन कोणी सलूनमध्ये टाइमपास करतं का? तर माझ्याकडे दोन कामं होती. पहिलं संपादकांचं. कोकणातल्या यंग क्राउडच्या स्टाइलवर लिहून हवं होतं. दुसरं आईचं. ते जास्त अवघड होतं. "त्याला जरा समजाव. केस काप म्हणावं. कुडाळचं स्थळ हातचं जाईल."

तर असा आमचा वीकेंड.

आरशातले हीरो

काका साठी ओलांडलेले. त्यांच्याकडे हिंदी सिनेमाचा इतिहास आहे, पण तो नटांच्या डोक्यावरून मोजलेला. अमिताभच्या काळात कान झाकणारे केस. मग मिथुन. २००१ मध्ये 'दिल चाहता है' आला आणि कॉलेजची पोरं ओठाखाली आमिरसारखी टिकली ठेवून घ्यायला लागली. २००३ मध्ये 'तेरे नाम'. "त्या वर्षी माझो धंदो बसलो," काका सांगतात. कारण सलमानसारखा मधला भांग पाडायचा म्हणून कोणी केस कापायलाच येईना! २००८ मध्ये 'गजनी'ने उलट केलं, सगळे तासून घ्यायला हजर. मग 'केजीएफ' आणि 'पुष्पा'ची दाढी आली. आता मोबाइलवरची रील पुढे धरतात, "असा करा."

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? या यादीत मालवणचा माणूस एकही नाही. इथल्या आरशात कायम बाहेरचाच हीरो उभा राहिलाय.

सुपरस्टार चाकरमानी

सिनेमाच्या आधी आणि सिनेमाच्या बरोबरीनेही इथला खरा स्टाइल आयकॉन होता चाकरमानी. मुंबईत नोकरी करणारा आणि गणपतीला गावी येणारा.

माझे आजोबा त्यातलेच. परळच्या एका गिरणीत साच्यावर काम करायचे. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी पंधरा-वीस माणसं, जेवण खानावळीत. पण गावात एसटीतून उतरायचे तेव्हा कडक इस्त्रीचा टेरिलीनचा शर्ट, खिशाला पेन, हातात ट्रान्झिस्टर. आजी सांगायची, वाडीतली पोरं त्यांच्या मागे मागे चालायची. पुढच्या महिन्यात गावातला शिंपी तशाच कॉलरचे शर्ट शिवायचा.

त्या शर्टामागची खोली गावाने कधी पाहिली नाही. पाहिली असती तरी विश्वास ठेवला नसता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि कितीतरी चाकरमानी ट्रंक उचलून परत आले. आजोबाही आले. आईला आठवतं, तो शर्ट त्यांनी पुढची कित्येक वर्षं फक्त लग्नाकार्याला घातला. कॉलर विरली, तर उलटी करून शिवून घेतली.

संप होऊन चाळीस वर्षं उलटली, पण एक हिशेब इथल्या लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय. मुंबईला गेला तो पुढे गेला. राहिला तो मागे राहिला.

पॅरिसची पण एक 'गावाकडची बाजू'

त्या निळ्या जर्सीवाल्या मुलामुळे मला कॉलेज आठवलं. मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला फिल्म अॅप्रिसिएशनच्या तासाला आम्हाला 'ला हेन' दाखवला होता. मॅथ्यू कासोविट्झचा १९९५ चा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा. पॅरिसच्या बाहेरच्या सरकारी बिल्डिंग्जमधल्या तीन मित्रांचा एक दिवस. एक ज्यू, एक अरब, एक कृष्णवर्णीय. हातात काम नाही, खिशात पैसे नाहीत, पण अंगातलं जॅकेट, चालण्यातली ऐट आणि आरशासमोरचा अॅटिट्यूड बघत राहावा असा.

त्यातला एक सीन मी विसरलेले नाही. टीव्हीची गाडी येते. पत्रकार बाई गाडीतून खाली न उतरताच या पोरांना विचारते, दंगलीत तुम्ही होता का? पोरं चिडतात. गाडीत बसून प्राणी बघायला हे काय सफारी पार्क आहे का, असं सुनावतात.

फ्रान्समध्ये या वस्त्यांना 'बाँलियू' म्हणतात. तिथल्या पोरांचे ट्रॅकसूट, टोप्या, मगरीच्या लोगोचे टी-शर्ट, अक्षरं उलटीपालटी करून बोलायची भाषा (आपल्या 'च'च्या भाषेची चुलतबहीणच म्हणा ना!) हे सगळं आधी 'गुंडांचा अवतार' म्हणून टीव्हीवर आलं. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये क्लिशी-सू-ब्वा इथे पोलिसांपासून लपताना दोन मुलं विजेच्या उपकेंद्रात शॉक लागून गेली. त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे गाड्या जळत होत्या. तेव्हा जगाने बघितली ती जॅकेटची टोपी डोक्यावर ओढलेली पोरं. नंतर तीच स्टाइल रॅपच्या व्हिडिओंतून आणि मोठ्या ब्रँड्सच्या जाहिरातींतून सगळ्या जगाने विकत घेतली. एमबापे अशाच एका वस्तीतला, बाँदीचा. २०१८ चा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आज त्याचा हेअरकट मालवणच्या बाजारपेठेत मिळतो.

मालवणात ना तसल्या बिल्डिंग्ज आहेत ना तसल्या दंगली. दोन्ही गोष्टी एका तागडीत टाकायचा माझा विचार नाही. पण त्या टीव्हीच्या गाडीपुरतं बोलायचं तर मालवण मला मुंबईचं पाचशे किलोमीटर लांबचं उपनगर वाटतं. कॅमेरा शहराचा, माणूस इथला. आणि तो कसा दिसतो हे गाडीतून न उतरताच ठरलेलं.

तात्या सरपंच ते अण्णा नाईक

बघा ना, टीव्ही-नाटकातला मालवणी पुरुष आठवायचा म्हटलं तर कोण आठवतं? पहिला नंबर 'वस्त्रहरण'चा. गंगाराम गवाणकरांचं हे नाटक १९८० मध्ये आलं आणि त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले. तात्या सरपंच झालेल्या मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर ताठ मानेने उभं केलं. तोवर शहरात ही बोली दबक्या आवाजात बोलली जायची. हे उपकार कोण विसरेल? २००७ मध्ये कांबळी गेले तेव्हा आमच्या घरात कोणी धड जेवलं नव्हतं.

पण नंतरच्या नकलाकारांनी त्यातला फक्त हशा उचलला. शहराच्या कानाला मालवणी म्हणजे विनोद, असं समीकरणच होऊन बसलं. २०१६ मध्ये झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' आली. आकेरीचा वाडा घराघरात पोचला. दुसऱ्या सीझनमध्ये अण्णा नाईक आले. माधव अभ्यंकरांनी उभा केलेला तो करडा, बाहेरख्याली, हिंस्र माणूस इतका गाजला की त्याच्यावर मीम्सचा पाऊस पडला.

म्हणजे चॉइस काय? एक तर हसवणारा, नाहीतर भुतासारखा छळणारा. नोकरी करणारा, प्रेमात पडणारा, केसांची काळजी घेणारा साधा सव्वीस वर्षांचा मुलगा यात कुठे बसतो?

माझ्या मामेभावाचा नंबर लागला. काकांनी विचारलं, "कापूया?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी गप्प. "बाजूचे तेवढे," तो म्हणाला.

आई, सॉरी.

बिनदाढीचे महाराज

दुपारी आम्ही किल्ल्यावर गेलो. २५ नोव्हेंबर १६६४ ला या किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं, हे जेटीवरचा लहान पोरगाही सांगेल. होडीत आमच्यासोबत पुण्याचा एक ग्रुप होता. पाचही जणांना टोकदार कोरलेली दाढी, कपाळावर चंद्रकोर, हातात कडं. हा लुक आता महाराष्ट्रभर दिसतो आणि रुबाबदार दिसतो, नाही कशाला म्हणा?

किल्ल्यात शिवराजेश्वराचं मंदिर आहे. राजाराम महाराजांच्या काळातलं. इथल्या शिवरायांच्या मूर्तीला दाढी नाही. डोक्यावरचा टोपही नेहमीच्या चित्रांतल्यासारखा नाही, बघणाऱ्याला नावाड्याची टोपी आठवते. ग्रुपमधला एक जण बराच वेळ आत बघत राहिला. त्याचा हात नकळत स्वतःच्या दाढीवर गेला. बाहेर येऊन मित्राला म्हणाला, "वेगळेच वाटतात ना? आपल्यातलेच."

परतताना समोर राजकोटचा पुतळा दिसतो. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी तिथे महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं होतं, २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. २०२५ मध्ये त्या जागी आधीपेक्षा उंच पुतळा उभा राहिला. किनाऱ्यावर हातात तलवार घेतलेले उंच महाराज आणि किल्ल्याच्या आत, दिव्याच्या उजेडात बसलेले हे बिनदाढीचे महाराज. पर्यटक दोन्हीकडे हात जोडतात. फोटो मात्र बाहेर जास्त काढतात.

दाढी-मिशीचा विषय निघाला म्हणून सांगते. या जिल्ह्यात पुरुषाने मिशी न ठेवण्याची एक फार मानाची जागा आहे, दशावतार. दिवाळीनंतर जत्रांचा सीझन सुरू होतो आणि देवळापुढे रात्रभर नाटकं रंगतात. त्यात बायकांची कामं पुरुषच करतात. त्यांना 'स्त्री पार्टी' म्हणतात. दिवसा शेतात राबलेला नाहीतर रिक्षा चालवलेला माणूस रात्री आपल्या पेटाऱ्यासमोर बसून स्वतःचा मेकअप स्वतः करतो, भुवया कोरतो, नऊवारी नेसतो. तो मंचावर आला की वाडीतल्या बायका त्याच्या साडीच्या चोपाला नावं ठेवत नाहीत, उलट शिकून घेतात. २०२५ मध्ये दिलीप प्रभावळकरांचा 'दशावतार' सिनेमा आल्यावर शहरात या कलेची चर्चा झाली. इथे ती चर्चा नाही, सवय आहे. केस वाढवलेल्या मुलाला 'बायल्या' म्हणणारे लोक याच गावात आहेत आणि रात्री स्त्री पार्टीला दाद देणारेही तेच. एकाच माणसात दोन्ही कसे मावतात, देव जाणे.

फ्रेममध्ये फक्त हात

रविवारी सकाळी मी भावाच्या बोटीवर. तो स्कूबा डायव्हिंगचा गाइड आहे. मार्च २०२० पर्यंत अंधेरीत एका ऑफिसात डेटा एंट्री करायचा. लॉकडाऊनमध्ये देवबागला परतला, "चार दिवसांनी जातलंय" म्हणत म्हणत राहिलाच. तारकर्लीला एमटीडीसीची डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. गावातली आधी शिकून आलेली पोरं होती. त्यांच्या हाताखाली तो तयार झाला.

देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळी वाळूची पट्टी. तिथली पोरं पोहायला शिकत नाहीत, चालायला शिकतात तसं पोहतात. तरी हे काम सोपं नाही. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं हातवाऱ्यांवर. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे 'ठीक आहे'. अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. आता आपली सवय काय? मजा आली की अंगठा वर! त्या दिवशी ठाण्याचा एक इंजिनीअर रंगीत मासे बघून खुशीत सारखा अंगठा दाखवत होता आणि भाऊ इमानेइतबारे त्याला वर आणत होता. तिसऱ्या वेळी प्रकार लक्षात आला.

ही मालवणची सागरी अभयारण्याची पट्टी, १९८७ मध्ये जाहीर झालेली. गाइड पर्यटकाच्या पाठीमागे राहून त्याचा सिलिंडर धरतो. त्याला खाली नेतो, सरळ ठेवतो, घाबरला तर खांद्यावर थोपटतो. दुसरा मुलगा समोरून व्हिडिओ काढतो. आणि इथेच एक गंमत आहे. व्हिडिओमध्ये पर्यटक एकटाच समुद्रात तरंगतोय असं दिसलं पाहिजे. म्हणून गाइडला कॅमेऱ्याच्या बाहेर राहावं लागतं.

बोटीवर परतल्यावर इंजिनीअरने आपला व्हिडिओ आम्हाला कौतुकाने दाखवला. निळं पाणी, चट्टेपट्टेवाले मासे, गॉगल, अंगठा. मी विचारलं, "ह्यात तू कुठे आहेस?" भावाने स्क्रीनवर बोट ठेवलं. कोपऱ्यात, सिलिंडरच्या तोंडाशी, चार बोटं.

"आमचो हात तेवढोच दिसता गो ताई."

तो हे हसत बोलला. तक्रार नव्हती. पण सीझनभर रोज किती व्हिडिओ निघत असतील आणि ते कुठे कुठे पोचत असतील, या विचाराने मला कसंतरी झालं. मीही कॉलेजात असताना असाच एक व्हिडिओ काढून घेऊन स्टेटसला टाकला होता. त्यात कोणाचा हात होता, मला आठवत नाही.

दोन फोटो

आता त्या केसांबद्दल. भावाचे केस मानेपर्यंत आलेत आणि टोकांना तांबूस-सोनेरी. मुंबईतल्या पार्लरमध्ये अशा हायलाइट्सना चांगले पैसे मोजावे लागतात. कुडाळच्या स्थळाने व्हॉट्सअॅपवर फोटो बघून विचारलं होतं, "झील केस रंगवता?" दुसरा प्रश्न, "पावसात काय करता?"

पहिल्याचं उत्तर सोपं. "मी रंगवूक नाय. ऊन आणि खारा पाणी." त्याच्या बोटीवरच्या सगळ्यांचेच केस असे झालेत. शाळेतली पोरं आता तो रंग मुद्दाम लावून घेतात, सलूनवाल्या काकांनीच सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मालवणची स्टाइल मालवणातच तयार झालीय, तीही न ठरवता.

दुसऱ्याचं उत्तर अवघड. पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद. जून-जुलैत मासेमारीलाही बंदी. तेव्हा तो मामाबरोबर भात लावतो, होमस्टेची कौलं बदलतो, मित्रांच्या बोटी रंगवतो. पगाराची स्लिप नाही. दिवाळी ते मे चार पैसे मिळतात, एका वादळाने तेही जातात.

मी वकिली करायला गेले, "पण मुलगी तरी समजून घेईल ना?" त्यावर तो जे बोलला ते मी लिहून घेतलं. मुलगी नर्सिंग झालेली आहे. तिला मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात काम करायचंय. "तिचा काय चुकता? मी पण गेलेलंयच मुंबैक. तिका जावचा आसा, माका रवाचा आसा. केसांचो काय संबंध?"

आईचा निरोप माझ्या तोंडातच राहिला.

निघायच्या आधी त्याने एक काम सांगितलं. बायोडेटासाठी फोटो. आधीचा होता २०१९ चा, स्टुडिओतला. मित्राचा कोट, मागे धबधब्याचा पडदा, चेहऱ्यावर इतकी पावडर की ओळखू येऊ नये. आजोबांच्या टेरिलीनच्या शर्टाचीच ती पुढची आवृत्ती.

आम्ही कर्लीच्या काठावर गेलो. संध्याकाळचं ऊन होतं. तो डायव्हिंगचा काळा सूट कमरेपर्यंत सोडून, टी-शर्टवर, बोटीच्या कडेला बसला. केस ओले. मी सांगितलं, हस. हसला नाही. सलूनमधल्या त्या मुलासारखाच सीरियस. मग मागून कोणीतरी मित्र ओरडला, "हात दिसूदेत रे!" आणि तो खदखदून हसला. तो क्लिक मिळाला. पूर्ण माणूस, फ्रेमच्या मधोमध.

कुडाळला त्याने दोन्ही फोटो पाठवले. कोटातला आणि बोटीवरचा. खाली लिहिलं, "दोनव मीच."

हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. आई रोज विचारते. मी सांगते, नेटवर्क नसेल.

जाताय? मग एवढं बघाच

कसं जाल: कोकण रेल्वेने कुडाळला उतरा, तिथून एसटी किंवा रिक्षा. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू आहे, पण फ्लाइट्सचं वेळापत्रक आधी नीट तपासा.

कधी जाल: ऑक्टोबर ते मे. पावसात किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा बंद असतं. दशावतार बघायचा तर दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा गाठा आणि रात्र जागायची तयारी ठेवा.

काय खाल: कोंबडी-वडे सगळेच खातात. तुम्ही मोरीचं मटण आणि तिरफळं घातलेली बांगड्याची कढी मागा. येताना बाजारातून आल्या-गुळाचं खाजं आणा.

काय कराल: पाण्यातून वर आलात की व्हिडिओ बघायच्या आधी, सिलिंडर धरणाऱ्याला त्याचं नाव विचारा. आणि एक फोटो त्याच्यासोबत काढा. त्याला विचारून.